गॅडोलिनियमची काळी गोळी: चुंबकत्व आणि अतिवाहकता एकत्र

तालुक्याच्या कॉलेजात अतिवाहक (पुरेसा थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ) बनवायचाच, तर मी नेहमीच्या इट्रियम-बेरियम-तांबं ऑक्साइडमध्ये इट्रियमऐवजी गॅडोलिनियम हा धातू घेतो. कृती तीच, अतिवाहकताही 92 केल्विनच्या आसपासच सुरू होते. वर प्रत्येक गॅडोलिनियम आयनात जोडी न जुळलेले सात इलेक्ट्रॉन, म्हणजे चुंबकत्व फुकटात.

10 ग्रॅम मालासाठी गॅडोलिनियम ऑक्साइड 2.468, बेरियम कार्बोनेट 5.373 आणि कॉपर ऑक्साइड 3.249 ग्रॅम. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, मास्क लावा. गॅडोलिनियम ऑक्साइड हवेतलं पाणी पितं, म्हणून वजनाआधी रात्रभर 900 अंश सेल्सिअसवर भाजून घ्यायचं. आणि वजन करताना कूलर बंद! मे महिन्यात जिवावर येतं, पण त्या झोताने तराजू स्थिर राहत नाही आणि दमट हवा थेट पावडरीवर येते.

अ‍ॅगेटच्या खलात अ‍ॅसिटोन टाकून तासभर घोटा, अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये 920 अंशांवर 24 तास भाजा, पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. कार्बन डायऑक्साइड उडून 11.09 ग्रॅमचे जवळपास 10 होतात. वजन उतरायचं थांबलं की कार्बोनेट संपलं. रंग काळाच हवा. हिरवट झाक दिसली तर दुसरंच संयुग तयार झालं आहे.

मग 2-2 ग्रॅमच्या, 13 मिमी व्यासाच्या गोळ्या दाबून 940 अंशांवर 24 तास. खरी गोम थंड करण्यात आहे. इतक्या तापमानाला ऑक्सिजन निघून गेलेला असतो. तो ऑक्सिजनच्या प्रवाहात 450 अंशांवर 12-15 तास ठेवल्यावरच परत आत शिरतो. नेमकी तेव्हा लाईन गेली तर गोळी भराभर थंड होते. दिसायला काळीभोर, पण द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवली तरी मुकी, अतिवाहकता नाहीच. फेकू नका. ऑक्सिजन सोडून 450 अंशांची पायरी पुन्हा करा.

द्रवरूप नायट्रोजन पशुवैद्यकीय दवाखान्यात असतो, रेतमात्रांच्या कॅनसाठी. आधी गोळी दोऱ्याला टांगून निओडिमियम चुंबक जवळ न्या: किंचित ओढली जाते, इट्रियमची जागची हलत नाही. मग चुंबक दूर ठेवून 77 केल्विनच्या नायट्रोजनमध्ये बुडवा आणि चुंबक जवळ आणा. तीच गोळी आता दूर ढकलते.

एरवी चुंबकीय आयन अतिवाहकतेचा घात करतात. इथे गॅडोलिनियम तांबं-ऑक्सिजनच्या थरांच्या मधोमध बसतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन आतल्या कवचात असतात, त्यामुळे वीज वाहणाऱ्यांशी त्यांचा संबंध जेमतेम. 2.2 केल्विनला गॅडोलिनियमचे हे छोटे चुंबक एकाआड एक उलट दिशेने रांगेत लागतात, तरी अतिवाहकता शाबूत राहते. मात्र ते पाहायला हेलियम लागतो. उलट, थरातल्याच तांब्याच्या जागी थोडं जस्त घाला, चुंबकत्व नसतानाही ते संक्रमण तापमान (ज्याला अतिवाहकता सुरू होते ते) धाडकन पाडतं. गॅडोलिनियमच्या जागी प्रसिओडिमियम घातलं, तर गणितच वेगळं: घडण तीच, पण एरवी अतिवाहकताच नाही.

नायट्रोजनमधून बाहेर काढलेल्या गोळीवर दव साचतं, ते लगेच पुसून 100 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा, मग सिलिका जेलच्या डबीत. श्रावणात टेबलावर विसरलेल्या गोळीवर पांढरी बुरशी दिसते. ती बुरशी नाही, बेरियम कार्बोनेट.