तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सगळं केलंत, मग गंज का नाही काढला?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीवरच्या दातेरी चाकाला बोट लावतो आणि मग बोटाकडे बघतो. बोट स्वच्छ असतं. मग तो प्रश्न येतो: "एवढं सगळं केलंत, मग गंज का नाही काढला?" काही जण विचारत नाहीत, नुसतेच हळहळतात. एका पाहुण्यांनी तर निघताना पॉलिश पेपरचा नंबर सांगितला होता.

गंज काढलाय. जेवढा काढायचा होता तेवढा काढलाय, उरलेला ठेवलाय. आणि खरं सांगायचं तर भंगारातल्या लोखंडापासून शोभेच्या वस्तू करायच्या या छंदातलं निम्मं काम कुठे थांबायचं हे ठरवण्यातच जातं.

लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, हे भंगार हातात घेतल्यावर कळतं. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तांब्यावरचा हिरवट थर खालच्या तांब्याला राखतो. अ‍ॅल्युमिनियमवरचा तर दिसतही नाही, पण राखणीचं काम तोही करतो. साध्या लोखंडाला ही अक्कल नाही. कॉर्टेन नावाचं पोलाद अमेरिकेत १९३३ मध्ये बाजारात आलं, त्याच्यावरचा गंज घट्ट बसून राहतो, कारण त्यात तांबं, क्रोमियम वगैरे थोडं थोडं मिसळलेलं असतं. गंजलेल्या रंगाच्या मोठमोठ्या इमारती आणि पूल त्याचेच. पण अडगळीतली बिजागरी काही कॉर्टेनची नसते.

म्हणून मी दोन गंज मानते. एक भुरभुरीत, नारिंगी, नखाने निघणारा. दुसरा त्याच्या खालचा, गडद तपकिरी, लोखंडाला घट्ट चिकटलेला. पहिला पूर्ण जायला हवा, दुसरा राहिला तरी चालतो. वायर ब्रशने कोरडंच घासायचं, तेही हाताने. ग्राइंडरला ब्रश लावला की पाच मिनिटांत दोन्ही गंज जातात आणि वस्तू बोडकी होते. तोंडाला मास्क हवा, डोळ्यांवर चष्मा हवा. मग पांढरं फडकं जोर लावून फिरवायचं. फडकं तांबूस झालं तर पुन्हा ब्रश. ते जवळपास पांढरं राहिलं की थांबायचं. माझी कसोटी एवढीच.

त्यानंतर कोऱ्या चहाचं कडक पाणी. हे सांगितलं की लोक हसतात. चहात टॅनिन असतं, ते गंजाशी मिळून निळसर काळा थर तयार करतं. बाटलीतून मिळणाऱ्या अनेक रस्ट कन्व्हर्टरमध्येही, म्हणजे गंजाचाच टिकाऊ थर करणाऱ्या रसायनांमध्येही, टॅनिक आम्लच असतं, फक्त पुष्कळ जास्त. चहाने रंग असमान चढतो, कुठे गडद कुठे फिका, आणि मला तेच हवं असतं. खात्रीचं काम हवं असेल तर बाटली आणा.

शेवटी मेण. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवते, तेही गरम पाण्यात भांडं ठेवून, कारण टर्पेंटाइनजवळ ज्योत नको. वस्तू हाताला सोसेल इतपत गरम करून लावलं की मेण बारीक खाचाखोचांत उतरतं. बोट स्वच्छ राहतं ते या मेणामुळे. घरातल्या वस्तूला वर्षाकाठी एखादा हात पुरतो, बाहेर उघड्यावर ठेवायची असेल तर मेणाच्या भरवशावर राहू नका. काही जण मेणाऐवजी जवसाचं तेल लावतात, तेही छान दिसतं. पण त्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यातली फडकी आपोआप पेटू शकतात. एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

आधी मीही हे करत नव्हते. पहिल्या दिव्याच्या स्टँडवर मी गंज तसाच ठेवून वरून चकचकीत लॅकर मारलं होतं. दोन महिने मिरवलं. मग दमट हवा आली आणि लॅकर आतल्या गंजासकट सालीसारखं सुटलं, कारण ते लोखंडाला धरून नव्हतंच, भुकटीला धरून होतं. टेबलावर रोज सकाळी तांबडी रांगोळी.

दुसरी फजिती पत्र्याच्या बादलीची. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं की गंज सुटतो, हे खरं आहे. पण बादलीवर जस्ताचा मुलामा होता आणि आम्लाने आधी तोच खाल्ला. मी विसरले ते चार दिवस. बादली काढली तेव्हा राखाडी, उघडी, आणि तासाभरात नारिंगी. तेव्हापासून हातातली वस्तू कशाची आहे हे आधी बघते. खिशात चुंबक असतं. चिकटलं तर लोखंड, पोलाद किंवा बीड. नाही चिकटलं तर पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, आणि बरंचसं स्टेनलेस स्टीलही. पितळेसारखं पिवळं दिसतंय आणि चुंबक चिकटतंय, तर वर नुसता मुलामा आहे, घासू नका. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूवर वेल्डिंग तर मुळीच नको. त्या धुराने संध्याकाळी चक्क ताप भरतो.

बिडाचं चाक वेल्ड करून बघायची हौसही एकदा भागवली. बीड ठिसूळ. थंड होताना त्याने टच्च आवाज केला आणि आरपार चीर गेली. आता बिडाला भोक पाडून नट-बोल्ट लावते, आणि मला तर बोल्ट दिसलेलेच आवडतात.

जुन्या रंगाचे पोपडे फार सुंदर दिसतात, कबूल. पण जुन्या रंगात शिसं असायचं, लोखंडावरच्या शेंदरी अस्तरात तर हमखास. तो कोरडा घासायचा नाही, तापवायचा नाही. घरात लहान मूल असेल तर रंगाची वस्तू मी घेतच नाही, कितीही मोह झाला तरी. लोक घाबरतात ते धनुर्वाताला, आणि दोष देतात गंजाला. त्याचे जंतू माती-धुळीत असतात, गंज फक्त खोल जखम करायला मदत करतो. लस वेळेवर घेतलेली असावी आणि कडा कानशीने मारलेल्या असाव्यात.

"पण सुचतं कसं?" हा जोडप्रश्न. मला फारसं सुचत नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्यावर बैलाचं डोकं केलं. दोनच तुकडे, बघणाऱ्याला सायकलही दिसते आणि बैलही. मी इतकंच करते की वस्तू काही आठवडे समोर ठेवते आणि कमीत कमी काय जोडावं लागेल ते बघते. दातेरी चाकाला मी काहीच जोडलं नाही, एक भक्कम खिळा ठोकला. साडेतीन किलो वजन आहे, म्हणून खिळा मात्र भिंतीच्या आत नीट गेलाय.

सुरुवात कशाने करू, असं एका मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी तिला गंजलेली बिजागरी दिली, सोबत ब्रश आणि मेणाची डबी. पांढऱ्या फडक्याची कसोटी दोनदा समजावून सांगितली. आठ दिवसांनी तिचा फोटो आला. बिजागरीत तिचा चेहरा दिसत होता.