द्युफो मोटारींच्या मागावर: जिनिव्हा ते लुसर्न

जिनिव्हाच्या शार्ल आणि फ्रेदेरिक द्युफो या भावांचा मोटारींचा उद्योग १९०४ ते १९०७ एवढाच टिकला. त्याच्या खुणा एका दिवसात पाहून होतात. दिवस कमी असेल तर जिनिव्हा वगळा आणि थेट लुसर्न गाठा.

जिनिव्हात पाहण्यासारखे उरले आहे ते फक्त ठिकाण. या गाड्या घडल्या पिकार-पिक्ते यांच्या कारखान्यात. त्या कंपनीचा मुख्य धंदा पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनचा, त्यामुळे मोठे ओतकाम तिथे रोजचेच होते. कॉर्नाव्हँ स्थानकातून रू द ल्योंने शार्मी भागापर्यंत पायी अर्धा तास लागतो. जुना कारखाना मात्र आता दिसत नाही.

जिनिव्हा-लुसर्न थेट रेल्वेला सुमारे तीन तास लागतात, झुरिकहून पाऊण तास. सहलीच्या बसने आलात तर लुसर्नमध्ये पूल आणि सिंहाचे शिल्प पाहण्यातच वेळ संपतो. संग्रहालयासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. फेर्केर्सहाउस हे वाहतूक संग्रहालय स्थानकापासून बसने दहा मिनिटांवर आहे. ते वर्षभर रोज सकाळी १० ला उघडते. स्विस ट्रॅव्हल पासवर तिकीट अर्ध्या दरात मिळते, पण पास खिडकीवर दाखवावा लागतो.

द्युफोची आठ सिलिंडरची शर्यतीची गाडी इथे आहे. रस्ते वाहतुकीच्या दालनात बऱ्याच गाड्या भिंतीलगतच्या उंच मांडणीत ठेवल्या आहेत आणि मांडणी बदलत असते. म्हणून निघण्यापूर्वी ईमेलने दोन गोष्टी विचारा: गाडी सध्या कुठे आहे, आणि बॉनेट उघडे आहे का. छोटी दुर्बीण जवळ ठेवा.

बॉनेट उघडे असेल तर आधी सिलिंडर मोजा. १९०४ च्या मूळ रचनेत एका रांगेत आठ, पण ओतलेले दोन-दोनच्या चार ठोकळ्यांत. एका ठोकळ्याचे ओतकाम फसले तरी बाकीचे वाचतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १२५ मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) १३० मिमी, सिलिंडरांचे एकूण आकारमान १२.७६ लिटर. आठ सिलिंडरमुळे झटके कमी बसतात. मात्र क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांनी फिरणारा मुख्य दांडा, लांब होतो आणि पिळतो. ही जगातील पहिली रांगेतली आठ सिलिंडरची गाडी असे कुणी सांगितले तर मानू नका. पॅरिसच्या सीजीव्ही कंपनीने त्याआधी तशी बनवली होती.

गॉर्डन बेनेट ही देशादेशांमधली मोटार शर्यत. तिचा नियम होता की गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा आणि वजन १००० किलोच्या आत. १७ जून १९०४ ला जर्मनीतील होम्बुर्गला द्युफो स्टिअरिंग बिघडल्यामुळे शर्यतीत उतरूच शकली नाही. इंजिन सिद्ध होण्याआधीच संधी गेली, हे आजही चुटपुट लावते.

पुढच्या वर्षी भावांनी उलटी वाट धरली: चारच सिलिंडर, बोअर २२५, स्ट्रोक १६६ मिमी, एकूण २६.४ लिटर. एका सिलिंडरमध्येच ६.६ लिटर, म्हणजे आजच्या १.२ लिटरच्या साडेपाच गाड्यांइतके! १३ नोव्हेंबर १९०५ ला दक्षिण फ्रान्समध्ये सालों-आर्ल रस्त्यावर फ्रेदेरिकने धावत्या सुरुवातीने, म्हणजे आधीच वेगात असताना वेळ मोजून, एक किलोमीटर २३ सेकंदांत कापला, म्हणजे ताशी सुमारे १५६.५ किमी. याला जागतिक विक्रम म्हणणारे बरेच भेटतात, पण त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत डेटोनाला नेपियर ही इंग्लिश गाडी ताशी १६८ किमीने धावली होती.

घरची बाजारपेठही लहान होती. ग्राउब्युंडेन या स्विस प्रांतात तर १९०० ते १९२५ मोटारींना बंदीच होती.

नावाचा एक घोळ आधीच सोडवून जा. विमान दालनातले 'द्युफो ४' हे वेगळ्या भावांचे, आर्मां आणि आंरी यांचे. मोटोसाकोश मोटारसायकलीही त्यांच्याच. आर्मांने २८ ऑगस्ट १९१० ला त्या विमानातून जिनिव्हा सरोवर लांबीने पार केले. मोटारीसाठी दोन तास आणि विमानासाठी अर्धा तास पुरतो. हिवाळ्यात संग्रहालय संध्याकाळी ५ लाच बंद होते, तेव्हा दुपारी २ च्या आत दारात हवे.