हळदीतले लाल ठिपके

बुधवारी संध्याकाळी नमुन्याचा केक देऊन आले होते. त्यामुळे गुरुवारी सकाळी साडेसातला फोनवर वहिनींचं नाव दिसलं, तेव्हा पसंती कळवायलाच केला असणार असं वाटलं.

"ताई, केकात लाल ठिपके आहेत. तुम्ही कुंकू टाकलंत का?"

मी कुंकू टाकलं नव्हतं. कसलाच रंग टाकला नव्हता. खरं तर रंग नको, एसेन्स नको, अंडं नको आणि हळद मात्र आमच्याच गोदामातली हवी, एवढ्या अटींवर ही ऑर्डर आली होती. वहिनींच्या सासरी तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार. मुलीचं लग्न जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरलेलं. शनिवारी सकाळी घरी हळदीचा कार्यक्रम, आणि आलेल्या प्रत्येक घराला पेढ्याच्या पुड्याऐवजी एक छोटा लोफ केक द्यायचा, तोही हळदीचा, अशी नवऱ्या मुलीची हौस. एकूण बेचाळीस केक. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या स्वयंपाकघराला एवढी ऑर्डर यापूर्वी कधी आली नव्हती.

"सासूबाईंनी बघितलं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "त्या म्हणतात, पोरीच्या हळदीत असलं काही नको. तुम्ही येऊन जाता का?"

त्यांच्या घरी जाऊन डबा उघडून बघितलं तर ठिपके खरंच होते. माझ्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली संध्याकाळी ते मला दिसले नव्हते, किंवा मी बघितलेच नव्हते. गुळाचा केक म्हणून आतली जाळी तपकिरी पिवळी, आणि त्यात मोहरीएवढे, काही ठिकाणी ज्वारीएवढे, विटकरी लाल डाग. कापलेल्या प्रत्येक कापात पाच-सहा. बेदाण्यांच्या शेजारी ते बघून कुणालाही वाटावं की आत काहीतरी वेगळं पडलंय. ज्याच्या घरात मंगलकार्य आहे त्याला भीती वाटली तर त्यात त्याची चूक नाही.

वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आजी, कोचावर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर हे त्यांचं माहेर. तिथल्या हळदीच्या पेवांबद्दल मी ऐकलं होतं, पण पेवात हळद भरताना लहानपणी बघितलेलं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं. जमिनीत खोल खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद अशी ती कोठारं. हळद आत भरून तोंड मातीनं बंद केलं की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. उघडताना आधी तोंड मोकळं करून हवा खेळू द्यायची, मग माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी कायमची गेली. आजी हे सांगताना थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि मग माझ्या केकाकडे वळल्या.

"पोरी, तू ह्यात चुना घातलायस का?"

"नाही हो आजी. चुना कशाला घालीन?"

"मग चुन्यासारखं कायतरी घातलायस. हळद उगीच लाल हुत न्हाई."

त्यांनी चंचीतून डबी काढली. तळहातावर चिमूटभर हळद घेतली, बोटाच्या टोकावर आला तेवढा ओला चुना तिच्यावर ठेवला आणि अंगठ्यानं चोळायला लागल्या. पहिल्या दोन वळशांत काही झालं नाही. तिसऱ्याला कडेनं नारिंगी रंग फुटला, आणि बघता बघता सगळा तळहात पान खाल्लेल्या जिभेसारखा लाल झाला. मग सुनेकडून लिंबाची फोड मागवून त्यावर पिळली. जिथे रस लागला तिथे लाल विरत गेलं आणि खालून पुन्हा पिवळं वर आलं. सुरकुत्यांच्या रेषांमध्ये तेवढं लाल राहिलं.

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो हे मला माहीत होतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे तर धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पण हे माहीत असणं एका कप्प्यात होतं आणि माझं बेकिंग दुसऱ्या कप्प्यात. आजींच्या तळहाताकडे बघताना ते दोन्ही पहिल्यांदा एकमेकांना भेटले. माझ्या केकात चुना नव्हता, पण सोडा होता. चुना जसा क्षारधर्मी, तसाच खायचा सोडाही. आणि हळदीतला पिवळा रंग, करक्युमिन, क्षार भेटला की लाल होतो आणि आंबट भेटलं की पुन्हा पिवळा.

"उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा नमुना दाखवते," मी म्हणाले. आजींनी मान हलवली. वहिनी काही बोलल्या नाहीत. बेचाळीस केकांची ऑर्डर अजून माझीच आहे की नाही हे मला विचारवलं नाही.

घरी येऊन ओटीजी, म्हणजे माझी छोटी विजेची भट्टी, लावायच्या आधी तीन वाट्या मांडल्या. तिन्हींत कोमट पाणी आणि चिमूट चिमूट हळद. एकीत गूळ, कारण गुऱ्हाळात रसाची मळी काढताना चुना वापरतात, तेव्हा गुळातूनच काही आलं का ही शंका आधी फेडायची होती. दुसरीत चमचाभर दही. तिसरीत सोडा. गुळाची वाटी पिवळीच राहिली, थोडी मळकट. दह्याची तर आणखी उजळ पिवळी झाली. सोड्याच्या वाटीत चमचा फिरवला आणि पाणी लालसर तपकिरी झालं. सोड्याची जी एक गुठळी फुटायची राहिली होती, तिच्याभोवती तर गडद विटकरी कडं उमटलं. अगदी केकातल्यासारखं.

ठिपके कुठून आले ते कळलं. पावसाळ्यात ओल धरून सोड्याच्या बारीक गुठळ्या झाल्या होत्या आणि मी पीठ एकदाच चाळलं होतं. दोन-तीनदा चाळलं असतं तर ठिपके आले नसते आणि वहिनींचा फोनही आला नसता. पण मग खरी चूक मला कधीच कळली नसती, म्हणून ती नीट सांगते.

माझा साधा लोफ असा आहे: दोन वाट्या पीठ, अर्धा मैदा अर्धी कणीक. सव्वा वाटी किसलेला गूळ, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, लागेल तसं पाणी, एक चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, मूठभर बेदाणे. अंड्याचा केक मी आधी शिकले होते. सांगलीत आले तसं कळलं की इथं अंडं न चालणारी घरं भरपूर आहेत, म्हणून अंडं काढलं आणि दही-सोडा आणला. साखर काढून गूळ आणला. असे बदल करायच्या याद्या सगळीकडे मिळतात: याच्याऐवजी ते घाला, एवढ्याऐवजी एवढं. त्यात माप असतं, पण काढलेली वस्तू तिथे कोणतं काम करत होती ते नसतं. अंडं केकाला धरूनही ठेवत होतं आणि फुलवतही होतं. त्यातलं फुलवायचं काम मी दही-सोड्याला दिलं. सोड्याला आंबट मिळालं की वायू सुटतो, त्यानं केक फुगतो, आणि त्या भेटीत सोडा संपून जातो. पण दही पुरेसं आंबट नसेल तर? मग उरलेला सोडा केकातच राहतो.

एक वाटी चांगल्या आंबट दह्याला अर्धा चमचा सोडा खूप होतो. मी एक चमचा घालत होते, तेही बारा महिने. आमच्याकडे मे महिन्यात रात्री लावलेलं दही दुपारपर्यंत दात आंबवतं. जानेवारीच्या थंडीत तेच दही दुसऱ्या संध्याकाळीही गोडसर असतं. ऋतू बदलला तरी माझा चमचा तोच होता. हिवाळ्यात माझ्या केकाला जिभेच्या शेवटी किंचित साबणासारखी चव येते आणि रंग जरा काळपट येतो, हे मला दोन वर्षं जाणवत होतं. मी दोष गुळाला देत होते. दुकान बदललं, सेंद्रिय गूळ आणला, काळा आणला, पिवळा आणला. गुळाच्या तपकिरी रंगाखाली उरलेला सोडा दिसत नव्हता. हळद घातली आणि तो दिसला.

त्या रात्री मी जुन्या गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत बसले. डिसेंबरात कुणीतरी म्हणालं होतं, "छान आहे, पण घशाला थोडं खवखवतं." मी हसून "गूळ आहे ना" म्हटलं होतं. ते आठवून फार वाईट वाटलं.

शुक्रवारी पहाटे नवा नमुना केला. सोडा पाव चमचा, बेकिंग पावडर दीड चमचा. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि त्याला पुरेल एवढं आम्ल दोन्ही आधीच असतं, त्यामुळे तिच्यातला सोडा मागे उरत नाही. दह्यात एक चमचा लिंबाचा रस. नवी सोड्याची पुडी, आणि पिठाबरोबर तीनदा चाळणं. हळद पिठात न टाकता कोमट तेलात विरघळवली. तिचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही. तेलातून गेल्यानं तिचा कच्चा दर्पही मोडला आणि पिवळेपणा सगळीकडे सारखा बसला. अर्धा चमचा पुरे. त्यापुढे गेलं की केक कडवट होतो. बॅटर झाल्यावर एक थेंब पांढऱ्या बशीवर पसरून उजेडात धरला. सबंध पिवळा. ही बशी मी आता कायमची ओट्यावर ठेवली आहे.

केक आला तेव्हा मध्यावर लांब चीर पडली होती. लोफ केक तसाच फुटतो. कडा आधी धरतात, आतलं ओलं नंतर वर येतं आणि कुठून तरी वाट काढतं. लोक त्याला 'फुटला' म्हणतात म्हणून मी भट्टीत सारण्याआधी सुरीचं टोक तेलात बुडवून मध्ये एक रेघ ओढते. मग चीर सरळ पडते आणि देखणी दिसते. गरम असताना कापायचा मोह आवरून तो पूर्ण गार होऊ दिला, कारण गुळाचा केक गरम कापला तर आत गिच्च दिसतो. मग कापला. ठिपका नाही. तोंडात टाकला आणि शेवटपर्यंत थांबले. साबण नाही. गूळ, हळदीचा मातीसारखा वास, आणि बेदाण्याचा आंबटगोडपणा. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या केकातला गूळ मला गुळासारखा लागला.

नमुना घेऊन मी गेले नाही, लेकाच्या हाती पाठवला. अर्ध्या तासात फोन आला. "करा ताई. बेचाळीस."

पुढचं सगळं कामच होतं. माझ्या ओटीजीत छोटे टिन सहा मावतात, म्हणजे सात घाण्या. एका प्रमाणात तीन टिन, एका घाणीला दोन प्रमाणं. १७० अंशांवर तीस-बत्तीस मिनिटं. कोरडं एका बाजूला, ओलं एका बाजूला आणि ऐन वेळीच एकत्र, कारण सोडा ओला झाला की बॅटर ताटकळत ठेवता येत नाही. चौथ्या घाणीला लाइट गेली, ते सहाही केक मध्यभागी खचले, ते घरी ठेवले आणि पुन्हा केले. रात्री साडेअकराला शेवटचा टिन निघाला. ओटा, दोन्ही स्पॅच्युला, माझी नखं, सगळं पिवळं. एप्रन साबणात टाकला तर बादलीत लाल ढग उठला, आणि मी किती तरी वेळ तो बघत उभी राहिले.

शनिवारी केक पोचवायला स्वतः गेले. अंगणात पाटाभोवती बायका, जात्यावर हळकुंडं, ओव्या चाललेल्या. नवरी मुलगी गालापासून कोपरापर्यंत हळदीनं माखलेली. तिनं त्याच हातांनी एका केकाचा कागद सोडला आणि पहिला काप आजींना दिला.

आजींनी चष्मा लावला. काप उन्हाकडे धरून उलटा केला, सुलटा केला. पुन्हा उलटा केला. मग तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश चघळत राहिल्या. मी श्वास धरून उभी.

"ठिपका न्हाई," त्या म्हणाल्या. मग कापाच्या बुडाकडे बोट केलं. "पर बेदाणं समदं खाली बसल्यात की गं."

बसले होतेच. लिंबाच्या रसानं बॅटर जरा सैल झालं होतं आणि घाईत मी बेदाणे पिठात घोळवायचे विसरले होते.

"पुढच्या वेळी घोळवून घालते, आजी."

"बारशाला," नवरी मुलीची धाकटी बहीण मागून म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं. आजींनी उरलेला काप पदराखाली ठेवून दिला.