शंका ऐकू यायला हवी : खगोल-संशोधनाच्या ऑडिओ भागांची प्रगतीनोंद

मंडळी, मागच्या नोंदीनंतर सांगण्यासारखं बरंच साठलंय. खगोलशास्त्रातला एखादा ताजा पेपर निवडायचा आणि तो सामान्य श्रोत्याला दहाएक मिनिटांत ऐकवायचा, हा उद्योग आता बऱ्यापैकी रुळलाय. तांत्रिक बाजू जवळपास मिटली : मोनोसाठी वजा १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या पातळीचं एकक), शिखर वजा १ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही, ८० हर्ट्झखालचं छाटून टाकायचं. यावर आणखी लिहायला काही नाही. मिटत नाही तो प्रश्न एकच. पेपरात जी शंका असते, ती श्रोत्याच्या कानापर्यंत पोचते का?

छापील पेपरात शंका डोळ्यांना दिसते. आलेखातल्या ठिपक्यांना त्रुटिरेषा असतात, आकड्यापुढे अधिक-उणे असतं, वाचणारा वाटलं तर मागच्या पानावर जातो. ऐकणारा मागे जात नाही. शिवाय निवेदकाचा आवाज खणखणीत असला की 'मोजलंय', 'वाटतंय' आणि 'अंदाज आहे' ही तिन्ही विधानं सारख्याच वजनाची होऊन बसतात. चांगला आवाज हा या कामात थोडा धोक्याचाच.

निवडीचा नियम साधा ठेवलाय. आर्काइव्ह (arXiv) या पेपर खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या खगोलभौतिकीच्या सहा उपविभागांवर नजर असते, पण तिथला पेपर समीक्षेतून गेलेला असेलच असं नाही. नियतकालिकाने स्वीकारला असेल तर बहुतेक वेळा नोंदीखालच्या टिप्पणीत तसं लिहिलेलं असतं. नसेल, तर तो पेपर एकतर थांबतो किंवा पहिल्या मिनिटातच 'हे अजून तपासलं गेलेलं नाही' असं सांगून पुढे जातो. शेवटी सांगून उपयोग नाही. तोवर श्रोता पुढच्या भागावर गेलेला असतो.

या नियमांची खरी परीक्षा झाली ती के२-१८बीच्या भागात. हा ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या साधारण साडेआठ पट वस्तुमानाचा. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्याच्या वातावरणात मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचं एका संशोधक-गटाने जाहीर केलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा तत्सम रेणूचा संकेत मिळाल्याचं मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो, त्यामुळे बातम्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच. दावा ३ सिग्माचा होता. म्हणजे तो रेणू तिथे नसताना, निव्वळ योगायोगाने असा संकेत उमटण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. याचं 'जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के' असं रूपांतर कितीतरी ठिकाणी झालं, आणि ते दोन पायऱ्यांवर घसरलेलं आहे. ०.३ टक्के ही रेणू नसण्याची शक्यता नव्हे, ही पहिली पायरी. रेणू असला तरी तो सजीवांनीच बनवला असं ठरत नाही, ही दुसरी. पुढे इतर गटांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने तपासली आणि पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं.

आता हे बोलायचं कसं? इथे आपल्या वाक्यरचनेची एक अडचण जाणवली. 'या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड असू शकतं.' शंका आहे ती शेवटच्या दोन शब्दांत, आणि मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज नेमका उतरतो. 'डायमिथाइल सल्फाइड' ठसठशीत ऐकू जातं आणि 'असू शकतं' हवेत विरतं. रेकॉर्डिंगच्या लहरी पडद्यावर पाहिल्या तर वाक्यागणिक ही उतरंड स्पष्ट दिसते. आवाजाचे चढउतार सारखे करणाऱ्या कॉम्प्रेसरने ती थोडी भरून निघते, पण उच्चारातला निसटतेपणा कॉम्प्रेसर भरून काढत नाही. म्हणून आता शंकेला स्वतःचं वाक्य देतो आणि ते आधी ठेवतो : 'पुढची गोष्ट पक्की नाही.' मग अर्धा सेकंद शांतता. मग दावा. ऐकायला जरा शाळकरी वाटतं, हे मान्य. पण श्रोत्यांकडून येणारे प्रश्न बदलले. 'तिथे जीवसृष्टी सापडली ना?' याऐवजी 'मग पक्कं कधी होणार?' असं विचारू लागले. ५ सिग्मा, म्हणजे योगायोगाची शक्यता ०.००००६ टक्क्यांच्या आसपास, हे उत्तर तेव्हा कुठे सांगण्यात अर्थ राहतो.

आकड्यांबद्दल एवढंच : एका परिच्छेदात एकच. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी बसच्या आवाजात ओळखू येत नाहीत, तेव्हा जमेल तिथे 'सत्तरला एक कमी'.

सोनिफिकेशनकडे, म्हणजे निरीक्षणांचे आकडे आवाजात बदलण्याकडे वळतो. बऱ्याच जणांना तेच ऐकायचं असतं. सगळ्यात सोपे आणि लोकप्रिय ठरले ते पल्सार, म्हणजे झपाट्याने फिरत ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद पाठवणारे मृत तारे. बी०३२९+५४ सेकंदाच्या सात दशांश भागात एकदा टकटकतो, वेलाचा पल्सार सेकंदाला ११ वेळा, क्रॅबचा ३० वेळा. इथे ठोके वेगळे ऐकू येणं संपून घरघर सुरू होते. आणि बी१९३७+२१ सेकंदाला ६४२ वेळा फिरतो, तो सरळ सूरच ऐकू येतो. एकामागोमाग एक लावले की ताल कुठे संपतो आणि सूर कुठे सुरू होतो हे न सांगता कळतं. मात्र हे रेडिओ लहरींच्या तीव्रतेचे ठोके आहेत, तिथे कुणी माइक लावलेला नव्हता, हे प्रत्येक वेळी सांगतोच. पर्सियस दीर्घिकासमूहाच्या वायूतल्या दाबलहरी २०२२ मध्ये ५७-५८ सप्तकं वर चढवून ऐकवल्या गेल्या, त्यानंतर 'कृष्णविवराचा खरा आवाज' म्हणून ती फीत इतकी फिरली, की ही तळटीप गाळणं परवडत नाही.

गुरुत्वीय लहरींच्या भागावर जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. १४ सप्टेंबर २०१५ चा जीडब्ल्यू १५०९१४ हा दोन कृष्णविवरांच्या मिलनाचा संकेत ३५ ते २५० हर्ट्झमध्ये चढत गेला, म्हणजे मानवी श्रवणकक्षेतच. अडचण अशी की फोनच्या इवल्या स्पीकरमधून या पट्ट्यातलं फारसं काही बाहेरच पडत नाही. हा संकेत टिपणाऱ्या लायगो वेधशाळेने स्वतःच ४०० हर्ट्झने वर सरकवलेली फाइलही दिलेली आहे. ती सोयीची आहे, पण बेरीज आणि गुणाकार यांत फरक असतो. मूळ संकेत जवळजवळ तीन सप्तकं चढतो. सरकवलेला ४३५ ते ६५०, म्हणजे एक सप्तकही पुरं नाही. चढण कानाला चपटी होते. म्हणून दोन्ही ऐकवतो : आधी मूळ, 'हेडफोन असेल तर' असं म्हणून, मग सरकवलेला.

गोंगाट साफ करून नुसता 'च्युप', म्हणजे तो चढत जाणारा छोटा आवाज, ऐकवायचा मोह होतो. तो आवरला. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगोच्या दोन शोधकांच्या फाइली गाळणीतून काढल्यावर जी खरखर उरते, ती तशीच ठेवून एकामागून एक लावल्या. दोन्हींची खरखर वेगवेगळी, त्यातून डोकावणारा च्युप मात्र तोच. हा शोध शास्त्रज्ञांना का पटला, हे समजावायला मग फार शब्द लागत नाहीत. स्वच्छ आवाजातून ते कधीच समजलं नसतं.

बाह्यग्रहांच्या अधिक्रमणात उलटा प्रश्न. एचडी २०९४५८ बी ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश साधारण दीड टक्क्याने घटतो. प्रकाशाला सूर मानून ४४० हर्ट्झपासून सुरुवात केली, तर सूर जेमतेम ४३३ वर येतो, अर्ध्या सुराच्याही पावपट. गाणाऱ्याला कळेल, इतरांना नाही. सूर्यासमोरून जाणारी पृथ्वी तर ०.००८ टक्क्यांचाच फरक पाडते. ४४० चे ४३९.९६. कितीतरी पट फुगवल्याशिवाय इलाज नाही. पण फुगवायचं तर निरीक्षणांतला विखुरलेपणाही तेवढाच फुगवायचा. नुसती घट फुगवली आणि बाकीची रेघ गुळगुळीत केली, तर ऐकणाऱ्याला ग्रह शोधणं पोरखेळ वाटतं. वांडा दियाझ-मर्सेद या अंध खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणं कानाने तपासतात, हे आठवलं की विखुरलेपणा पुसून टाकायचा धीर होत नाही. त्यांच्यासाठी ती सजावट नसून कामाची सामग्री आहे.

सगळ्यात मनासारखं जमलं ते हबल स्थिरांकाचं, म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय त्या आकड्याचं, आणि तिथे काहीच फुगवावं लागलं नाही. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांतून येतो ६७.४, अधिक-उणे ०.५. सेफीड तारे आणि सुपरनोव्हा वापरणाऱ्या गटाचा २०२२ चा आकडा ७३.०४, अधिक-उणे १.०४. एकक तेच, किलोमीटर दर सेकंदाला दर मेगापार्सेक. दोन्हींना ५ ने गुणलं की ३३७ आणि ३६५ हर्ट्झ. आधी अनिश्चितता म्हणून सुरात नियमित कंप घातला होता, पण तो गायकी थाटाचा वाटतो, ऐकणारा त्यात भाव शोधतो. म्हणून आता एका लांब सुराऐवजी भराभर वाजणारे छोटे सूर. प्रत्येक सूर त्या मोजमापाच्या त्रुटीच्या वितरणातून यादृच्छिकपणे उचललेला, त्यामुळे प्रत्येक सूर म्हणजे एक शक्य असलेलं उत्तर. पहिल्या झुंडीतले सूर दाटीवाटीने, दुसरीतले जरा सैल पसरलेले. आणि दोन्ही झुंडी एकमेकींत मिसळत नाहीत, हे कुणालाही पहिल्या फटक्यात ऐकू येतं. दोन्ही एकदम मात्र वाजवू नका. त्यातून उठणारी घरघर छान 'तणाव' (या दोन आकड्यांतल्या तफावतीला खगोलशास्त्रज्ञ हेच म्हणतात) वाटते, पण तिला खगोलशास्त्रीय अर्थ काहीच नाही.

सध्या टेबलावर आहे पल्सार-कालमापनाचा भाग. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी मिळून नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मांडला; त्यातल्या नॅनोग्रॅव्हने १५ वर्षांत ६७ पल्सारांच्या ठोक्यांची वेळ तपासली. इथे एकटा पल्सार काहीच सांगत नाही. पुरावा आहे जोड्यांमध्ये : आकाशात शेजारी असलेल्या पल्सारांची चुकलेली वेळ सारखी डोलते, साधारण ८० अंशांच्या अंतरावर ती सगळ्यात जास्त उलट डोलते, आणि समोरासमोरच्या जोडीत पुन्हा काहीशी जुळते. प्रत्येक पल्सार श्रोत्याच्या डोक्याभोवती त्याच्या आकाशातल्या जागी ठेवायचा, असा बेत आहे. हेडफोनमध्ये डावं-उजवं सुरेख कळतं, पुढचं-मागचं सारखंच वाटतं, आणि फोनच्या एकाच स्पीकरवर सगळा डोलारा कोसळतो. तूर्त त्या १८० अंशांच्या जोड्या फक्त कानांच्या दोन टोकांना बसवल्यात आणि ८० अंशांच्या जोड्यांसाठी जागा शोधतोय.