अर्थ लागत नाही

आमच्या बसचा क्रूझ कंट्रोल बंद पडला तेव्हा तिचे ब्रेकलाइट अगदी लखलखीत लागत होते. हे आधीच सांगतो, कारण पुढचे तीन आठवडे मी त्यामुळेच फसलो.

बस म्हणजे व्हॅनच्या चासीवर बांधलेली, १९९० च्या दशकातली छोटी बस. इथे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांची ने-आण करून ती निवृत्त झाली आणि माझ्या पदरी पडली. मागच्या सीट काढून मी दोन बाकं आणि एक शेगडी बसवली. रंग पांढरा, तरी बायको तिला 'लाल डबा'च म्हणते. आवाज ऐकला की कोणीही तेच म्हणेल.

या भागात दोन्ही बाजूंना मका आणि मधून फूटपट्टीने आखलेला रस्ता. उजवा पाय तासभर एकाच कोनात धरून बसलं की पोटरीत गोळा येतो. क्रूझ असला तर वेग ठरवून बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. ही युक्ती काढणारा माणूस इथलाच, हेगर्सटाउनचा. राल्फ टीटर त्याचं नाव. पाचव्या वर्षी अपघातात त्याची दृष्टी गेली होती. त्याचा वकील गाडी चालवताना स्वतः बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. त्या हेलकाव्यांना कंटाळून टीटरने हे यंत्र बनवलं, अशी गोष्ट सांगतात. १९५० साली पेटंट मिळालं, १९५८ मध्ये ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. (असे हेलकावे देणारे माझ्या ओळखीत निदान चार जण आहेत. त्यांतला वकील एकही नाही.)

तर आमचा क्रूझ. बटण दाबलं की ढिम्म. फ्यूज पाहिले, डॅशबोर्डखाली उताणा पडून वायरी चाचपल्या, पेडलवरचा स्विच नवा बसवला. पुन्हा ढिम्म. शेवटी साताऱ्याला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेत.

"काका, क्रूझ कंट्रोल चालत नाहीये."

"ते काय असतं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्थ मिळत नसेल त्याला."

करंटला परत जायला जी वाट लागते, तिला इथले मेकॅनिक ग्राउंड म्हणतात. आपल्याकडे गॅरेजात त्याला अर्थ म्हणतात, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की काका गाडीला मराठीच्या पेपरातलं काहीतरी समजावून सांगतायत. 'ह्या दिव्याला अर्थ नाही,' असं ते शांतपणे म्हणायचे आणि पान्याने कुठलातरी गंजका बोल्ट खरवडायला लागायचे.

"बंद पडायच्या आधी कशाला हात लावला होतास?"

"कशालाच नाही."

"आठव."

आठवलं. मागचे दोन्ही जुने बल्ब काढून मी एलईडी लावले होते. नंतर इंडिकेटर फडफडायला लागला, म्हणून फ्लॅशरही, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भागही, बदलला होता. हे काम इतकं झकास जमलं होतं की ते बिघाडाच्या खात्यात मांडायचं मला सुचलंच नाही.

"हां," काका म्हणाले. "तुझा तो फ्लॅशर ज्याच्यासाठी रडत होता, त्याच्याचसाठी हेही रडत असेल. जुना बल्ब लावून बघ एक."

पेडल दाबलं की स्विचमधून करंट मागच्या लाल बल्बकडे जातो. क्रूझचा डबा त्याच वायरीला कान लावून बसलेला असतो. करंट आला, म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक दाबला. वेग सोडून द्यायचा. पण त्या काळच्या काही गाड्यांत डबा पाय नसतानाही एक गोष्ट तपासत असतो. वायर बल्बच्या फिलामेंटमधून अर्थपर्यंत पोचते ना? विझलेल्या बल्बची थंड तार म्हणजे जवळजवळ मोकळी वाट. ती वाट बंद, म्हणजे बल्ब उडालेत नाहीतर वायर तुटलीय. मग ब्रेक दाबल्याचं आपल्याला कळेलच याची खात्री नाही. अशा वेळी डबा काम करायचंच नाकारतो. मला हा स्वभाव आवडला. एलईडी कितीही लखलखला तरी विझलेला असताना ती वाट देत नाही. जुना बल्ब मात्र न लागताही कामावर होता.

जुने बल्ब मी फेकले नव्हते. स्क्रू ठेवायच्या श्रीखंडाच्या डब्यात सापडले. एकाच काचेत दोन तारा, एक मंद, एक प्रखर. पितळी बुडाला दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या, त्याही वरखाली, म्हणजे उलटा बसवायची सोय नाही. होल्डरमध्ये हिरवट गंज होता तो पॉलिशपेपरने घासला. बल्ब दाबून फिरवला तेव्हा 'कट्' झालं, आणि मी ओरडलो, "ब्रेक दाब!"

"दाबलाय कधीचा!" आतून बायको.

उजवीकडे जुना, डावीकडे एलईडी. एलईडी क्षणात लागतो. फिलामेंटला तापून लाल व्हायला सेकंदाचा पाचवा भाग वगैरे जातो. वाटायला काहीच नाही, पण ताशी शंभर किलोमीटरने येणारी मागची गाडी तेवढ्यात पाच-साडेपाच मीटर पुढे येते. आता आमच्या बसचा डावा डोळा आधी उघडतो, उजवा मागून. अंधारात गॅरेजच्या पांढऱ्या दारावर ते अगदी स्पष्ट दिसतं.

रविवारी तिला आय-७० वर पूर्वेकडे काढली. हेगर्सटाउनची पाटी यायच्या आधीच बटण दाबलं आणि पाय उचलला. काटा साठ मैलांवर टेकून राहिला. घरी आल्यावर काकांना फोन केला.

"लागला अर्थ?"

"लागला."

"बरं झालं. मला एक सांग, ते चालू असताना पाय कुठे ठेवतोस?"

खरं सांगायचं तर पहिले पंधरा मैल माझा पाय हवेतच होता.