सेंट मॉरिसच्या काठी टिकलेला ‘र’

माँट्रियलहून सेनेतेरला जाणारी गाडी आठवड्यातून मोजकेच दिवस सुटते. हर्वे जंक्शनला तिचे दोन भाग झाले आणि आमचे डबे ला त्यूकच्या दिशेने निघाले. पुढे नुसतं जंगल, तळी आणि मधूनच दिसणारी सेंट मॉरिस नदी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा हा मुलूख अतिकामेक्व या आदिवासी लोकांचा, ते त्याला नितास्किनान म्हणतात. वेमोताशी, मानावान आणि ओपिचिवान ही त्यांची तीन गावं.

समोरच्या सीटवर वेमोताशीला निघालेल्या एक आजी आणि त्यांची नात होती. नात माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलायची आणि आजीकडे वळली की सरळ नेहिरोविमोविनमध्ये, म्हणजे अतिकामेक्व भाषेत. त्यांच्या बोलण्यातला ‘र’ ऐकायलाच तर मी एवढ्या लांब आलो होतो!

ही भाषा क्री या आदिवासी भाषेच्या कुळातली. क्री कुळातल्या बोलींची साखळी रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून लॅब्राडोरपर्यंत जाते. शेजारपाजारच्यांना एकमेकांचं बरंचसं कळतं, दोन टोकांच्या माणसांना मात्र नाही. कोण कुठला, हे एका व्यंजनावरून ओळखू येतं. त्यांच्या भाषांची नावंच घ्या. पश्चिमेच्या मैदानात नेहियावेविन, जंगलपट्ट्यात नीहिथावीविन, दलदलीच्या भागात नेहिनावेविन, जेम्स उपसागराजवळ मूस फॅक्टरीला इलिलीमोविन आणि इथे नेहिरोविमोविन. मुळात ध्वनी एकच. त्याचे य, थ, न, ल, र झाले. मी वऱ्हाडातला. आमच्याकडे पोळीची पोयी आणि डोळ्याचा डोया होतो, त्यामुळे मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी पूर्वेकडच्या इनू लोकांच्या बोलींतही हा ‘र’ टिपून ठेवला होता. आज इनूमध्ये त्या जागी ल किंवा न ऐकू येतो. अख्ख्या साखळीत ‘र’ राहिला तो या तीन गावांत, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पश्चिमेचे शेजारी अनिशिनाबे. त्यांची भाषा क्रीसारखीच मोठ्या अल्गोंक्वियन कुळातली, पण ओजिब्वे शाखेची. तिच्यातून अतिकामेक्वने पुष्कळ शब्द घेतले, तरी व्याकरणाचा सांगाडा क्रीचाच. लिपीत मात्र वाट वेगळी: क्वेबेकमधले क्री त्यांच्या त्रिकोणी, वळणदार अक्षरचिन्हांत लिहितात, अतिकामेक्व रोमनमध्ये.

या भाषेने सोसलंही खूप. १९१८च्या सुमारास गुआँ जलाशयाच्या पाण्यात जुनं ओपिचिवान बुडालं. पुढे मुलांना आमोसजवळच्या आणि पॉइंट-ब्ल्यूच्या निवासी शाळांत नेलं, तिथे त्यांची भाषा तोडायचेच प्रयत्न झाले. तरीही आज सहा हजारांच्या आसपास लोक ती बोलतात आणि बहुतेक मुलं घरात तीच पहिली शिकतात. कॅनडातल्या फार थोड्या आदिवासी भाषांबद्दल असं म्हणता येतं. मानावानच्या ओतापी माध्यमिक शाळेतल्या मुलांनी या भाषेतल्या विकिपीडियासाठी लेख लिहिले. तो २०१७मध्ये सुरू झाला. वेमोताशीत मी पाहिलेली शाळकरी पोरं बास्केटबॉल खेळताना एकमेकांवर ओरडत होती, तेही याच भाषेत.