‘टेक’ शिकवताना ‘मारणे’ सापडलं

माझ्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या एका चिनी बाईंनी गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली आणि लेबलवरच्या पहिल्याच शब्दावर बोट टेकवलं. ‘टेक वन टॅबलेट ट्वाइस डेली विथ फूड.’ मग वही उघडून दाखवली. वहीत ‘टेक’ समोर एकच चिनी अक्षर होतं. उच्चार ‘ना’, अर्थ हातात घेणं, उचलणं. प्रश्न सरळ होता. गोळी हातात घ्यायची हे कळलं, पण ती खायची असं यात कुठे लिहिलंय?

मी व्हँकुव्हरला लागून असलेल्या रिचमंडमध्ये राहते. २०१६ च्या जनगणनेत इथल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं मूळ चिनी असं नोंदवलं होतं. त्यामुळे औषधांच्या दुकानात चिनी बोलणारं कुणीतरी असतंच, आणि या बाईंनी गोळी बरोबरच घेतली होती. पण दुकानदाराने सांगितलं म्हणून घेतली, डबी वाचून नाही, हे त्यांना सलत होतं.

लायब्ररीत शनिवारी सकाळी इंग्रजी बोलण्याचा सराव चालतो, तिथे मी स्वयंसेवक म्हणून जाते. या बाई चीनमधल्या हार्बिनच्या, वय ५३, लेकीकडे नातवाला सांभाळायला आलेल्या. गटातल्या सगळ्या त्यांना ‘आयी’ म्हणतात. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात, आणि ते ‘आई’च्या इतकं जवळ आहे की माझ्या तोंडी ते पहिल्या दिवशीच बसलं. त्या मला ‘लाओशी’ म्हणजे शिक्षक म्हणत, मी पंधरा वर्षांनी लहान असूनही.

कॅनडाच्या नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयाच्या माणसाला ऐकणं आणि बोलणं यांत कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क या भाषाज्ञानाच्या मोजपट्टीवरची चौथी पातळी दाखवावी लागते. आयी दोन वर्षं थांबल्या असत्या तर ही अट लागलीच नसती. लेकीने तसं सुचवलंही होतं. पण नातवाच्या शाळेतली बाई काय सांगते ते मला स्वतःला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पहिली चूक माझी झाली. घरी बसून मी ‘टेक’चे चौदा अर्थ काढले, प्रत्येकापुढे चिनी शब्द लिहिला आणि कागद त्यांना दिला. शेजारच्यांकडून आणि ऑफिसातल्यांकडून मी मोडकीतोडकी मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकले आहे, तेवढ्यावर हे जमलं. औषध घेणं म्हणजे चिनीत औषध ‘खाणं’. बस घेणं म्हणजे बसमध्ये ‘बसणं’. बूट काढायला एक क्रियापद, टोपी-चष्मा काढायला दुसरं. फोटोला तिसरंच. वेळ लागतो तिथे ते ‘याओ’ म्हणतात, म्हणजे ‘हवा असणं’: पंचवीस मिनिटं हवीत. आणि औषधालाही ‘याओ’च म्हणतात, सूरसुद्धा तोच. आयींनी आठवडाभरात सगळा कागद पाठ केला. शनिवारी मी विचारलं, आज इथे कशा आलात? त्या गप्प झाल्या. डोळे वर करून मनातल्या मनात यादी खाली उतरताना मला दिसत होत्या. कितवा अर्थ? सातवा की नववा? तोवर बोलण्याची वेळ निघून गेली.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कष्ट करणाऱ्या माणसाच्या हातात आपण चुकीचं अवजार दिलं, ही बोच होती.

उत्तर आलं ते आयींकडूनच. पुढच्या खेपेला नातू सायकल घेऊन बरोबर आला होता, चाकातली हवा गेली होती. लायब्ररीच्या दाराशी आयी पंप लावून बसल्या होत्या. मी विचारलं, याला चिनीत काय म्हणता? ‘ता-छी.’ ‘छी’ म्हणजे हवा, आणि ‘ता’ म्हणजे मारणं. मी जागीच थांबले. आम्हीही हवा मारतोच की!

(हा ‘ता’ रोमन लिपीत ‘डी’ने लिहितात, पण कानाला स्वच्छ ‘ता’ येतो. याच्याच जोडीला ‘था’ वेगळा आहे. इंग्रजी माणसाला हा फरक ऐकायला महिने लागतात. आपल्याला त आणि थ घरचेच, त्यामुळे मँडरिनमध्ये मराठी कानाला इथे मोठा आधार मिळतो.)

मग त्या पायरीवरच बसून आम्ही दोघी एकमेकींना सांगत सुटलो. त्यांच्याकडे फोन ‘मारतात’, चेंडू मारतात, टायपिंग मारतात, इंजेक्शन मारतात. छत्री उघडून धरली तरी मारली. स्वेटर विणला तरी मारला. शिंक मारतात, घोरणं मारतात, दुकानात किमतीत सूट देतात तीही मारतात. मी म्हटलं, आम्ही हाक मारतो, गप्पा मारतो, मिठी मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो, शिट्टी मारतो. झाडूही मारतो. झाडलोटीला त्यांच्याकडेही ‘ता-साओ’ आहे, त्यातही तोच ‘ता’! मी विचारलं, लहानपणी हे सगळे अर्थ तुम्ही कुठल्या यादीतून शिकलात? आयी हसल्या नाहीत. बराच वेळ पंपाच्या दांड्यावर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, यादी नव्हती, छत्री होती.

मला आजही वाटतं, यापेक्षा नेमकं मला कुणी काही सांगितलेलं नाही. ‘मिठी मारणे’मध्ये ‘मारणे’चा अर्थ आपण शोधत नाही. मिठी आली की ‘मारणे’ तिच्यामागून येतं. ‘टेक’चंही तसंच आहे. अर्थ त्या एकट्या शब्दात नाही, सोबतच्या शब्दात आहे.

चौदा अर्थांचा कागद आम्ही बाजूला ठेवला. त्याऐवजी आयींचा दिवस घेतला. सकाळी टेक अ शॉवर. मग टेक द पिल. नातवाला शाळेत नेणं, टेक हिम टु स्कूल. शाळेत पोचल्यावर टेक ऑफ युअर जॅकेट. ब्रिगहाउस स्टेशनवरून टेक द ट्रेन. प्रत्येक जोडी त्या कामाच्या वेळीच मोठ्याने म्हणायची, वही न उघडता. ‘टेक’ एकटं लिहायला मी मनाई केली. जोडीशिवाय तो शब्द वहीत येणार नाही, एवढा एकच नियम.

भूतकाळ सगळ्यात चिवट निघाला. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नाही. ‘काल’ म्हटलं आणि गरज पडली तर शेवटी ‘ल’ लावला की भागतं. त्यामुळे ‘येस्टरडे आय टेक द ट्रेन’ हे त्यांना पूर्ण वाक्य वाटे. ‘टुक’ त्यांना माहीत होतं, पण तोंडात यायला दोन महिने गेले.

परीक्षेच्या जोडीपाशी मीही अडले. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’. मराठीत ती शिक्षक घेतात आणि विद्यार्थी देतो. इथे नवीन असताना मी ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणायचे, आणि ऑफिसातल्या एकीने मला मी काय शिकवते म्हणून विचारलं होतं. चिनीत परीक्षेत ‘भाग घेतात’. म्हणून ‘टेक द टेस्ट’ ही जोडी आम्ही दोघींनी एकत्रच घोटली, आणि ती मला त्यांच्याइतकीच लागली.

मार्चमध्ये आयींनी सेल्पिपची, म्हणजे नागरिकत्वासाठी चालणारी इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची परीक्षा दिली. समोर माणूस नसतो. कानाला हेडफोन लावून माइकमध्ये बोलायचं, आणि पडद्यावर सेकंद उतरत असतात. मी बाहेर थांबले होते. आल्या तेव्हा चेहरा थकलेला होता. काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘इट टुक व्हेरी लाँग.’ ‘टुक’ म्हणाल्या हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

स्टेशनकडे चालताना त्या मध्येच थांबल्या, पर्समधून फोन काढला आणि समोरून येणाऱ्या एका अनोळखी मुलापुढे धरला. ‘एक्सक्यूज मी, कॅन यू टेक अवर फोटो?’ त्याने दोन काढले. एकात माझे डोळे मिटलेत, दुसरा त्यांच्या फ्रिजवर आहे.

निकाल काही दिवसांनी आला. ऐकण्यात ५, बोलण्यात ४.